किमच्या गाडीवरचा रस्सा

९ जुलै

फेरीबोटीवर होतो तेव्हा रोज संध्याकाळी इंजिनाची नोंद लिहायचो. तेल किती, ताप किती, काय कुरकुरतंय. निवृत्त होऊन महिना झाला, तरी संध्याकाळ झाली की हात पेन शोधतो. म्हणून ही वही आणली. आता इंजिन नाही, तेव्हा घरचंच लिहीन.

किम आज हॉस्पिटलमधून घरी आली. गेल्या आठवड्यात मासळी बाजारात ओल्या फरशीवर पाय सरकून ती उताणी पडली आणि डोक्याला मागे टाके पडले. डॉक्टर म्हणाले, आत काही नाही, आराम करू द्या. घरात पाऊल टाकल्याबरोबर ती म्हणाली, "खिडक्या का लावून घेतल्यास? आणि पंख्यावरची धूळ कोण पुसणार, बंदरमास्तर?" तेव्हा मला पटलं की डोकं शाबूत आहे.

मी तांदळाची पेज केली, खारी मासळी तळली. तिनं दोन घास खाऊन चमचा ठेवला. "काही चव नाही रे याला." माझ्या स्वयंपाकाला ती लग्नापासून हेच म्हणत आली आहे.

१८ जुलै

आज आमची कोळंबीच्या नूडल्सची गाडी पुन्हा सुरू केली. गाडीला आता चाकं नाहीत, कॉफीच्या दुकानात दाराशी मांडलेला ओटा आहे, पण सासूबाईंच्या वेळेपासून आम्ही गाडीच म्हणतो. माझ्याकडे कोळंबी सोलणं, वाट्या धुणं, टेबलावर नेऊन देणं. कोळंबीची डोकी आणि टरफलं तेलात परतायची, वाटायची, डुकराच्या हाडांबरोबर उकळत ठेवायची, खडीसाखर टाकून रस्सा जमवायचा, ते सगळं किमचं. तिथं दुसऱ्याचा हात चालत नाही.

गिऱ्हाईक यायच्या आधी तिनं पळीत थोडा रस्सा घेऊन माझ्यापुढे धरला. "बघ, कसा झालाय."

मी चकित झालो. आजवर पळीला हात लावला की हातावर फटका बसायचा. मी घोट घेतला, जीभ पोळली. "छान," म्हणालो.

"छान म्हणजे कसा?"

"छान म्हणजे छान."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पळी परत घेतली. मला मात्र दिवसभर बरं वाटत होतं. नवरा घरी बसला की बायकोला ओझं होतो असं बोटीवरचे सगळे म्हणायचे. इथं तर माझं मत विचारलं जातंय.

२६ जुलै

आज मोठा अनर्थ टळला. शेगडीची नळी निसटली होती आणि गॅस सुटत होता. मी मागच्या मोरीत वाट्या विसळत होतो, तिथंही वास आला. शेजारच्या ओट्यावर चपटे नूडल्स परतणारा सेंग वा ओरडत धावला आणि त्यानं टाकीचा खटका बंद केला. किम शेगडीपासून हातभर अंतरावर उभी राहून अंडी सोलत होती. काडी तिच्या हातात यायचीच बाकी होती.

दुकानाची मालकीण चिआ मावशी संतापली. "किम, नाक घरी ठेवून आलीस का?"

किम मान खाली घालून अंडी सोलत राहिली. एरवी तिनं उलटून सुनावलं असतं. विचारात असेल. मी दिवसभर मध्ये मध्ये लुडबुडतो, त्याचा वैताग असेल.

३ ऑगस्ट

आज टरफलं करपली. थोडीशीच, पण रस्सा कडू झाला. तिनं विचारलं तेव्हा मी छान म्हणालो. टाके पडलेल्या बाईला काय सांगणार?

झेवियर आला होता. हा निवृत्त पोस्टमन, आमच्याहून म्हातारा, दर शनिवारी मुलाला न सांगता बसनं येतो आणि वाटी तोंडाला लावून शेवटचा थेंब संपवतो. आज अर्धी वाटी ठेवून गेला. मी वाटी उचलली तेव्हा किम बघत होती. मी पाठ करून रस्सा मोरीत ओतला.

११ ऑगस्ट

हे लिहू की नको असं वाटतंय, पण लिहितो. किम आता रोज सकाळी पळी घेऊन सेंग वाच्या ओट्याकडे जाते. मला विचारणं बंद. तो घोट घेतो, मान हलवतो, काहीतरी पुटपुटतो, ती परत येऊन पातेल्यात मीठ टाकते. कालही तसंच, आजही तसंच. दोघं हळू आवाजात बोलतात आणि मी जवळ गेलो की थांबतात.

सेंग वा विधुर आहे. कढई फिरवताना त्याचे दंड अजून दिसतात.

या वयात असलं लिहिताना मला माझीच लाज वाटते. पण रस्सा खारट झालाय हेही खरं आहे. गिऱ्हाईकं पाणी मागतात. आणि माझ्या जिभेपेक्षा तिला त्याची जीभ भरवशाची वाटते.

२० ऑगस्ट

पितरांचा महिना चालू आहे. आज सासूबाईंच्या नावानं पहिली वाटी काढून ठेवली, उदबत्ती लावली. किम उदबत्तीच्या धुरात वाकून बराच वेळ उभी होती, जवळजवळ तोंड खुपसून. मी म्हटलं, "डोळे चुरचुरतील." ती म्हणाली, "चुरचुरतात तेवढंच," आणि आत गेली. आईच्या आठवणीनं हळवी झाली असेल.

मलाही आठवलं. मी बोटीवर नवा लागलो तेव्हा सासूबाईंची गाडी धक्क्यावर उभी असायची. बोट लागली की वारा तो वास थेट इंजिनघरात आणायचा, आणि डिझेलच्या वासातूनही मला कळायचं की डोकी आत्ता तेलात पडली. मी एकामागून एक वाट्या खायचो. सासूबाई म्हणायच्या, "हे पोट आहे की बोट?" किम बुटक्या स्टुलावर बसून कोळंबी सोलत असायची आणि मान वर न करता हसायची. भोंगा झाला की मी वाटी घेऊनच बोटीवर पळायचो आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून परत आणायचो. सासूबाई एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "धुतलेली वाटी परत आणणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही." आमचं लग्न त्या वाटीवर ठरलं असं किम अजून सांगते. सांगायची.

२९ ऑगस्ट

बोटीवरच्या एका जुन्या सोबत्यानं गोदामावर रखवालदाराची जागा आहे असं सांगितलं. मी हो म्हणालो. किमला तिची गाडी तिच्या मनासारखी चालवू द्यावी. मी आल्यापासूनच तिचा हात बिघडलाय, हे कुणीही तारखा लावून सांगेल.

तिला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. सुरी थांबली. "कधीपासून?"

"पुढच्या आठवड्यात."

"जा," ती म्हणाली. मग पुन्हा चिरू लागली. तिला हायसं वाटलं असावं.

४ सप्टेंबर

आज काय झालं ते नीट क्रमानं लिहितो.

किम बाजारातून कोळंबी घेऊन आली. मी सोलायला बसलो. पहिल्या मुठीलाच वास आला. कुजकट नव्हता, पण गोडसर, जुना. मला वाटलं, आपलंच नाक. किमनं आयुष्यभर कोळंबी घेतली आहे, बाजारवाले तिला वचकून असतात. मी आणखी चार सोलल्या. मग थांबलो. बाहेर गिऱ्हाईकं बसली होती, झेवियरसुद्धा, दोन शनिवार चुकवून आज मधल्याच वारी आला होता.

मी घमेलं उचलून तिच्यापुढे ठेवलं. "किम, ही वास मारतेय."

"कुठली?"

"सगळीच."

तिचा चेहरा लाल झाला. "आता तू मला कोळंबी शिकवणार? बोटीवर काय कोळंबीची पैदास करत होतास?"

एरवी मी गप्प बसलो असतो. पण डोळ्यांसमोर झेवियरची थरथरती मान होती. मी म्हटलं, "घालू नकोस. मी घालू देणार नाही."

तिनं एक कोळंबी उचलून नाकाशी धरली. मग आणखी जवळ. मग दुसरी. कढईवरून मान वळवून सेंग वा बघत होता. किमनं कोळंबी खाली ठेवली, हात पदराला पुसावे तसे ॲप्रनला पुसले आणि त्या बुटक्या स्टुलावर बसली.

"मला काही येत नाही, लिओंग," ती म्हणाली. "कसलाच वास येत नाही. पडले त्या दिवसापासून."

गॅस, करपलेली टरफलं, उदबत्ती. मी तिथंच उभा राहून एकेक जोडत गेलो. इंजिनाचा आवाज नुसता बदलला तरी मी ओळखायचो, आणि हे माझ्या नाकासमोर चाललं होतं.

सेंग वानं आमच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, आज किमवहिनीला बरं नाही, आणि सगळ्यांना स्वतःचे नूडल्स खाऊ घातले.

५ सप्टेंबर

गोदामावर गेलो नाही. गाडीही बंदच ठेवली. सोबत्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

सेंग वाशी बोललो. तो म्हणाला, "मी दिवसभर सिगारेट ओढतो, मला सगळंच अळणी लागतं. तिला पहिल्याच दिवशी म्हटलं, वहिनी, नवऱ्याला विचारा. ती म्हणाली, तो छान म्हणतो. मारलं तरी छान म्हणेल." मग त्यानं मला कोपरखळी मारली. "तू माझ्याकडे असा का बघायचास रे महिनाभर?"

मी म्हटलं, उन्हामुळे.

१२ सप्टेंबर

मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. पडताना डोक्याला जो हिसका बसला त्यानं वासाची नस तुटते म्हणे. परत येईल का, तर येईलही, नाहीही. खारट-गोड जिभेला थोडं कळतं, पण कोळंबी खाल्ली काय आणि कागद खाल्ला काय, तिला सारखंच.

इपोहहून मुलीचा फोन आला. "आई, आता बंद करा. किती वर्षं उभी राहणार?" किमनं फोन माझ्याकडे दिला. चिआ मावशीनंही आज निरोप दिला, जागेसाठी एक जोडपं विचारतंय, पुढच्या महिन्यातला नऊ देवांचा उत्सव संपेपर्यंत काय ते सांगा.

किमला विचारलं तर म्हणाली, "बघू." हा शब्द तिच्या तोंडून मी फार ऐकलेला नाही.

१७ सप्टेंबर

घरीच लहान पातेल्यात रस्सा लावला. तिनंच काढलं हे. "मी करते, तू सांग. पण छान म्हणालास तर पळी डोक्यात घालीन."

मी घोट घेतला. तोंडात सगळं आहे, पण नाव नाही. बराच वेळ घोळवून म्हटलं, "थंड इंजिन घरघरतं तसं लागतं."

मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "म्हणजे डोकी कच्ची राहिली," आणि पुन्हा परतायला घेतली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "आता चालतंय, पण कडेला टोचतं." ती म्हणाली, "टरफलाला डाग पडलाय. गाळून घेते."

माझ्या बोलण्याचा अर्थ मला कळायच्या आधी तिला कळतो.

२१ सप्टेंबर

वाईट दिवस. मी म्हटलं, कालच्यापेक्षा पातळ वाटतोय. तिनं विचारलं, पातळ म्हणजे पाणचट की फिका? मी म्हटलं, दोन्ही नाही, पातळ. ती विचारत गेली, मी अडखळत गेलो. शेवटी तिनं पळी मोरीत फेकली.

"मला तुझ्या तोंडानं जेवायचं नाही," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

रस्सा मी एकटाच प्यालो. चांगला झाला होता, तेही सांगायला कुणी नव्हतं.

२२ सप्टेंबर

बोलली नाही.

२४ सप्टेंबर

आज सकाळी चपला घालून दारात उभी. "चल, पलीकडे."

"पलीकडे कुठं?"

"दुसऱ्यांचं खायला."

किमनं आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीवर कोळंबीचे नूडल्स खाल्ले नाहीत. ते तिला व्यभिचारासारखं वाटायचं. आज आम्ही बोटीनं खाडी ओलांडून बटरवर्थला गेलो. इंजिनघरातल्या पोरांनी मला हात केला. बाजाराच्या मागे एक म्हातारा आणि त्याची सून गाडी चालवतात. एकच वाटी घेतली. किमनं ती माझ्यापुढे सरकवली. "सांग."

मी खाल्लं. पुन्हा खाल्लं. सरळ खोटं बोलावं असं मनात आलं, कारण तिचा चेहरा मला दिसत होता. पण मग इतक्या लांब कशाला आलो?

"आपल्यापेक्षा चांगला आहे," मी म्हणालो.

"कशात?"

"आपला येतो आणि जातो. हा गेल्यावरही थोडा राहतो. भोंगा थांबल्यावर कानात राहतो ना, तसा."

तिनं वाटी वळवून रश्शाचा रंग पाहिला. येताना बोटीच्या कठड्याशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी लांबच बसलो. अर्धी खाडी ओलांडली तेव्हा ती वळून आली आणि शेजारी बसली. "कोळंबीच्या डोक्यातला लाल गर ते वेगळा काढत असतील," ती म्हणाली. "आणि अगदी शेवटी घालत असतील. माझी आई करायची. वेळ लागतो म्हणून मी सोडून दिलं."

"मग मी काढतो," मी म्हणालो. "मला काय काम आहे?"

८ ऑक्टोबर

या पंधरवड्यात आम्ही आसपासच्या बऱ्याच गाड्यांवर खाल्लं. एका ठिकाणी रस्सा नुसता गोड. एका ठिकाणी वाटणात कांदा कच्चा, ढेकर संध्याकाळपर्यंत. थडग्यांच्या टेकडीजवळची एक बाई फार चांगलं करते, पण वर घालायची नाळीची भाजी शिजवून लगदा करते. किमनं चॉपस्टिकनं ती भाजी उचलून बघितली आणि इतकी खूष झाली की मला त्या बाईची दया आली. किमचे डोळे, दात आणि बोटं अजून कुणाला ऐकत नाहीत.

उद्यापासून नऊ देवांचा उत्सव. अख्खं गाव शाकाहारी होणार, पिवळी निशाणं लागली आहेत. गाड्या बंद. आम्हीही कोळंबी शिवणार नाही.

१८ ऑक्टोबर

उत्सव संपला. देवांना समुद्रावर पोचवून आलो. परतताना चिआ मावशी भेटली. "मग? त्या जोडप्याला काय सांगू?"

किम माझ्याकडे बघत होती. मी काही बोलणार नाही असं ठरवलं होतं.

"सांग, जागा रिकामी नाही," किम म्हणाली. "आणि त्यांना म्हणावं, बटरवर्थला बघा, तिथं म्हातारा थकलाय."

२१ ऑक्टोबर

उघडलं. गिऱ्हाईक थोडंच. रस्सा तिचा, जीभ माझी, लाल गर माझ्या बोटांचा. नखं अजून केशरी आहेत.

२ नोव्हेंबर

झेवियर आला. किम मुद्दाम पाठ करून उभी राहिली, पण पळी हलत नव्हती. त्यानं वाटी संपवली, तोंड पुसलं.

"वेगळा आहे," तो म्हणाला.

"चांगला की वाईट?" मी विचारलं.

"अर्धी वाटी होईपर्यंत ठरवत होतो. मग बघतो तर संपली होती." आणि दुसरी वाटी मागितली. किमनं कोळंबी जरा जास्तच घातली. मी पाहिलं.

२४ नोव्हेंबर

काल किम म्हणाली, "उद्याचा रस्सा पहिल्यापासून तू कर. मी हात लावणार नाही आणि बोलणारही नाही." मला वाटलं थट्टा करते. पण आज ती खरंच ओट्याच्या कडेला हात बांधून उभी राहिली. मी डोकी परतली, वाटली, हाडं उकळली, गर शेवटी घातला. दोन वेळा तिनं तोंड उघडून मिटलं. मी चाखलं आणि थोडी खडीसाखर टाकली, कुणालाही न विचारता.

पाऊस होता, गिऱ्हाईक लवकर ओसरलं. मी ओटा पुसायला घेतला, तर ती पुढच्या टेबलावर जाऊन बसली. गिऱ्हाइकांच्या टेबलावर. मी म्हटलं, पाय दुखतात का? ती म्हणाली, "एक वाटी. पिवळे-पांढरे दोन्ही नूडल्स, अंडं अख्खं."

मी सगळं नीट लावून नेलं. तिनं इकडे तिकडे पाहिलं. "इथून गाडी लहान दिसते," म्हणाली, आणि खायला लागली. मी समोर बसलो. राहवेना म्हणून विचारलं, काय लागतं?

"गरम लागतं," ती म्हणाली. "नूडल्स दाताला धरतात. कांदा वाजतो. कोळंबी घट्ट आहे, चांगली घेतलीस." मग वाटीत बघत राहिली. "मिरचीचं वाटण आण अजून. ते लागतं मला. तेवढं लागतं."

मी चमचाभर घातलं. तिनं आणखी मागितलं. सगळी वाटी खाल्ली, मग दोन्ही हातांनी धरून रस्साही संपवला. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. सेंग वानं कढई खाली ठेवली आणि उगाच मागे निघून गेला.

वाटण फार जहाल झालं असावं. उद्या सुक्या मिरच्या भिजत घालताना बिया काढून टाकायला हव्यात.